मुलं नकाशात आधी स्वतःचं घरच शोधतात, मग तास घ्यायचा कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र एका शिक्षिकेचं आहे. सातवी-आठवीला भूगोल शिकवतात. शाळेत प्रोजेक्टर आला, काही टॅबलेट आले आणि आता मुख्याध्यापकांचा आग्रह आहे की नकाशाचा प्रत्येक धडा डिजिटल नकाशावरच झाला पाहिजे. यांनी दोन-तीनदा करून बघितलं. दरवेळी मुलं आधी आपलं घर शोधतात, मग मित्राचं घर, मग पृथ्वी गरागरा फिरवतात आणि तेवढ्यात तास संपतो. काही मुलांना त्या अ‍ॅपमधलं यांच्यापेक्षा जास्त येतं, त्यामुळे वर्गात उभं राहायचंच दडपण येतं. त्यात स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सर म्हणतात की हाताने नकाशा न काढणाऱ्या मुलांना नकाशा कधीच कळत नाही, हे सगळं फॅड आहे. पत्रात विचारलंय, "मी जीआयएसचा रीतसर कोर्स करू का, की सरळ भिंतीवरच्या नकाशाकडे परत जाऊ?" (जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशात माहिती थराथराने मांडायची आणि तपासायची पद्धत.)

ताई, तुम्ही दोनच दारं ठेवलीत, कोर्स किंवा माघार, आणि मला तरी सध्या दोन्हींची गरज दिसत नाही. पण पत्रात काही गोष्टी तुम्ही गृहीत धरून चालल्या आहात, आधी त्यांच्याकडे बघू.

पहिली म्हणजे घर शोधणं हा टाइमपास आहे ही. अहो, वरून आपलं घर ओळखणं हे सोपं काम नाहीये! पोरगं रोज जमिनीवरून बघतं ते छप्पर त्याला आता आकाशातून ओळखायचंय, म्हणजे रस्त्याचं वळण, शेजारचं मैदान, झाडांची रांग यावरून अंदाज बांधायचा, चुकलं की मागे यायचं, पुन्हा शोधायचं. नकाशावाचन म्हणजे हेच की. फक्त ते मनातल्या मनात होतं आणि तुम्हाला ऐकू येतो नुसता गोंगाट. मग ते बोलून करायला लावा. माउस एकाकडे द्या, पण कुठे जायचं ते त्याने ठरवायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं, आणि सांगताना "इकडे", "तिकडे", "वर", "खाली" हे शब्द बंद. वायव्येला सरक, नदी ओलांड, दुसऱ्या चौकातून दक्षिणेला वळ, असंच बोलायचं. शोधायचं ठिकाण शाळा ठेवा, कुणाचं घर नको (का ते पुढे सांगते). पहिल्या पाच मिनिटांत धमाल गोंधळ होतो आणि मग हळूहळू मुलांच्या लक्षात येतं की दिशा नीट सांगता आल्या नाहीत तर माउस हलतच नाही. आठही दिशा पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं, आणि एकच कॉम्प्युटर असला तरी सगळा वर्ग कामाला लागतो.

दुसरी, मुलांना तुमच्यापेक्षा जास्त येतं ही. त्यांना बटणं जास्त येतात, मान्य. पण बटणं येणं आणि समोर काय दिसतंय ते कळणं यात खूप अंतर आहे. चिमटीने झूम करणाऱ्या मुलाला विचारा की आत्ता स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती किलोमीटर असतील, बहुतेक वेळा तो गप्प होतो. हे विचारणारं माणूस वर्गात लागतं आणि ते तुम्ही आहात. बटणांचं खातं बिनधास्त मुलांकडे देऊन टाका, त्यात तुमचा मान कमी होत नाही, उलट तुमचे हात मोकळे राहतात.

आता तुमच्या ज्येष्ठ सरांचं म्हणणं. मी ते फॅड-बिड म्हणून उडवून लावणार नाही, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. हाताने नकाशा काढताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते मुलाला ठरवावं लागतं, स्क्रीनवर ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पण मग दोन्ही एकाच तासात का नको? मुलांना शाळेच्या आवाराचा नकाशा आठवणीतून कागदावर काढू दे, काहीही न बघता. मग त्याच आवाराचं उपग्रहचित्र पडद्यावर लावा आणि आपला कागद त्याच्याशी ताडून बघायला सांगा. खेळायचं मैदान जवळपास सगळ्यांनीच असेल त्यापेक्षा मोठं काढलेलं असतं, जिथे कुणी जात नाही तो मागचा कोपरा गायब असतो, ऑफिस भलतीकडेच सरकलेलं असतं. का झालं असं, यावर अर्धा तास सहज जातो आणि तो वाया जात नाही. त्या सरांनाच या तासाला बोलवा की, हाताने काढलेला नकाशा तपासायला त्यांच्याइतकं चांगलं कोण मिळणार.

आता मुद्द्याचं. तुमचा तास फिसकटतो तो मुलांमुळे नाही आणि अ‍ॅपमुळेही नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय की "आज आपण गूगल अर्थ बघणार आहोत" असं सांगून तास सुरू केला. आता बघणारच असतील तर मुलं त्यांना हवं तेच बघणार ना! नकाशा उघडायच्या आधी फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला हवा, ज्याचं उत्तर नकाशात हिंडल्याशिवाय मिळणारच नाही असा. साधन कुठलं ते त्यानंतर.

एक प्रश्न देते. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स आहे, १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षावर्षाने पुढे सरकत जातात. त्यात अरल समुद्र लावा, मध्य आशियात, कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या सीमेवर. नाव समुद्र असलं तरी आहे ते सरोवर, १९६० च्या सुमाराला आकाराने जगातलं चौथ्या क्रमांकाचं. आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि सरोवर आटत गेलं. पण हे मुलांना सांगायचं नाही! काहीच न सांगता चित्रं दोनदा चालवा आणि विचारा काय काय बदललं. पाणी कमी झालं हे पहिल्या सेकंदाला येईल. मग विचारा, सगळीकडे सारखंच कमी झालं का? तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं की उत्तरेकडचा छोटा तुकडा टिकून आहे, उलट नंतरच्या वर्षांत थोडा भरल्यासारखा दिसतो, आणि दक्षिणेचा मात्र भुगा झालाय, पूर्वेकडचा भाग तर २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडला. का बरं असं? आता झूम करा म्हणावं, दोन भागांच्या मध्ये काय दिसतंय ते शोधा. तिथे एक सरळ रेघ सापडते, ती रेघ म्हणजे धरण, कोक-अरल, २००५ मध्ये पूर्ण झालं आणि सिर दर्याचं पाणी उत्तरेतच अडलं. निसर्गात इतकी सरळ रेघ सहसा नसते, हे पोरांनी स्वतः म्हणावं म्हणून वाट बघा, घाई करू नका. मग नद्या उलट दिशेने वर वर जात शोधायला लावा, हिरवे चौकोन दिसायला लागतात, ती शेतं. आणि शेवटी मोयनाक नावाचं गाव शोधू द्या, एके काळी बंदर होतं, मोजपट्टीचं टूल घेऊन तिथून आजचं पाणी किती लांब आहे ते मोजू द्या. आकडा मी सांगत नाही, मुलांनी मोजलेला वेगवेगळा येईल कारण पाणी नेमकं कुठे सुरू होतं यावरच वाद होईल, आणि तो वाद झालेला चांगला.

या सगळ्यात शिकवलं काय म्हणाल तर हवामान, सिंचन, नदीचं खोरं, मोजमाप, सगळंच. भिंतीवरच्या नकाशावर हे होत नाही कारण तो एका वर्षाचा असतो.

तिसरं गृहीतक मात्र तुमच्या पत्रात जाताजाता आलंय आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिता की डिजिटल नकाशा "अचूक असल्यामुळे" मुलांना त्याची सवय लागणं चांगलं. इथे जरा थांबा हं. नकाशा कुणीतरी बनवलेला असतो, काहीतरी डोळ्यासमोर ठेवून, आणि स्क्रीनवर आला म्हणून ते बदलत नाही. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्याच एका रूपावर चालतात (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत). मर्केटर या नकाशाकाराने तो नकाशा १५६९ मध्ये काढला तो दर्यावर्दी लोकांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असेल तर त्यावर सरळ रेघ मारता येते म्हणून. त्याची किंमत अशी की ध्रुवांकडे जाल तसं सगळं फुगत जातं. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या साधारण १४ पट आहे. हे सगळ्या पुस्तकांत असतं आणि मुलं ते पाठ करून विसरून जातात. त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅप हा ऑनलाइन नकाशा उघडा, विषुववृत्तावर कुठेतरी थांबा, कोपऱ्यातली अंतराची पट्टी बघून ठेवा, आणि झूम अजिबात न बदलता नकाशा उत्तरेकडे ओढत न्या. पट्टीवरचा आकडा तरी बदलतो किंवा पट्टीची लांबी तरी. मुलं म्हणतात बिघडलंय! मग सांगायचं की बिघडलेलं नाही, पट्टीच तेवढी प्रामाणिक आहे. यानंतर प्लास्टिकचा पृथ्वीगोल टेबलावर ठेवा आणि त्यावर दोऱ्याने मोजायला द्या. अहो, पृथ्वीगोल अडगळीत टाकू नका, प्रोजेक्टर आला म्हणून त्याची गरज संपत नाही.

आणि मोठ्या मुलांसाठी सँडी आयलंडची गोष्ट आहेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मध्ये समुद्रात एक बेट शंभरावर वर्षं नकाशांवर होतं, गूगलच्या नकाशावरही होतं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांचं जहाज तिथून गेलं तर बेट नाहीच, नुसतं हजार मीटरहून खोल पाणी. जुन्या नकाशावरची नोंद पुढच्याने उचलली, त्याची त्याच्या पुढच्याने, आणि अशी ती कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोचली. ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना आपल्याच शाळेच्या आसपासच्या नकाशात चुका शोधायला पाठवा. बंद पडलेलं दुकान, नवीन झालेला रस्ता, चुकीचं नाव, हमखास काहीतरी सापडतंच. फोनचा निळा ठिपका सुद्धा तपासू द्या, मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडे तिकडे असतं, उंच इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त, त्यामुळे एकाच झाडाखाली उभ्या चार फोनमध्ये चार जागा येऊ शकतात. सीमारेषांचं तर विचारूच नका, वादग्रस्त सीमा काही नकाशे तुम्ही कोणत्या देशातून बघताय त्यावर वेगळ्या दाखवतात. आठवीच्या मुलांना हे समजतं, लपवायची गरज नाही.

नकाशा बघून झाला की बनवायला द्या. बरेच शिक्षक बघण्यापाशीच थांबतात असा माझा अनुभव आहे, आणि हे फक्त तुम्हाला नाही, हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगतेय. बनवायचं म्हणजे फार मोठं नाही हो, शाळेच्या आवारातली सावली घ्या. दुपारच्या सुट्टीत सावली कुठे असते, मुलं कुठे बसतात, पाण्याचा नळ कुठे आहे. गट पाडा, आवाराच्या नकाशाची प्रिंट द्या, पेनने खुणा करून आणू दे, मग वर्गात येऊन त्या गूगल माय मॅप्समध्ये किंवा यूमॅपमध्ये चढवा, दोन्ही ऑनलाइन नकाशा बनवायची साधनं आहेत. सावलीचा एक थर, बसायच्या जागांचा दुसरा, नळांचा तिसरा. एकेक थर बंद-चालू करून बघितलं की आपोआप प्रश्न पडतात, सगळे बसतात तिथे सावली आहे पण नळ लांब आहे, मग नवं झाड लावायचं तर कुठे? थर म्हणजे काय हे एवढं कळलं की जीआयएसचा गाभा कळला, बाकी सगळी सॉफ्टवेअरची कारागिरी.

आणि याच्या जोडीला जॉन स्नोचा नकाशा दाखवा. १८५४, लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ. स्नो या डॉक्टरने मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेली दिसली. इथपर्यंत सगळे सांगतात. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो, जवळच असूनही जिथे माणसं मेली नाहीत त्या जागा. शेजारच्या ब्रुअरीतले, म्हणजे बिअरच्या कारखान्यातले, कामगार वाचले कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, जवळच्या वर्कहाउसची, म्हणजे गरिबांच्या वसतिगृहाची, स्वतःची विहीर होती. आणि गंमत म्हणजे पंपाचा दांडा काढला ८ सप्टेंबरला, तो प्रसिद्ध नकाशा छापून आला नंतर, म्हणजे नकाशामुळे दांडा काढला ही गोष्ट थोडी सजवलेली आहे. स्नो आधी शंका घेऊन घरोघरी फिरला होता, नकाशा त्याने ती शंका दुसऱ्यांना पटवायला वापरला. तुमच्या मुलांनी सावलीचा नकाशा केला तर तो मुख्याध्यापकांना पटवायलाच वापरू दे, झाड इथे लावा म्हणून. नुसते मार्क देऊन फाइलला लावलेला नकाशा आणि कुणालातरी काहीतरी पटवायला केलेला नकाशा, दुसऱ्यात मुलं जीव ओततात.

आता ते घराचं, मघाशी म्हटलं ते. कुठल्याही ऑनलाइन नकाशावर मुलांची घरं पिन करून घेऊ नका, नावासकट तर अजिबातच नाही. घरून शाळेत येण्याचा रस्ता हा धडा फार लोकप्रिय आहे, पण वीस मुलं कुठे राहतात आणि कुठल्या रस्त्याने एकटी चालत येतात हे लिंक असलेल्या कुणालाही दिसणार असेल तर ते किती महागात पडू शकतं याचा विचार करा. करायचाच असेल तर कागदावर करा, कागद मुलाकडेच राहू दे. ऑनलाइन नकाशा बनवताना तो कुणाला दिसणार ही सेटिंग पहिल्यांदा तपासायची, शेवटी नाही. मुलांचे फोटो नकाशावर चढवू नका, फोटोत जागेची नोंद लपलेली असू शकते. खाती मुलांना उघडायला लावू नका, बऱ्याच देशांत गूगलचं स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात आणि तुमची निम्मी सातवी त्याच्या आतली असणार. तुमचं एक शाळेपुरतं वेगळं खातं काढा, त्यावरूनच सगळं चालू दे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मुलांना बदल करायला देण्याचा मोह होईल, कारण तो कुणीही सुधारू शकतो, २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जगभरातल्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रं बघून तिथले रस्ते त्यात काढले आणि मदत करणाऱ्यांना ते उपयोगी पडले, फार मोठं काम होतं ते. पण म्हणूनच तिथे केलेली चूक सगळ्या जगाला दिसते. मुलांना सापडलेल्या चुका वहीत लिहून घ्या, तुम्ही स्वतः पडताळा आणि तुमच्या हाताने एकेक दुरुस्ती करा.

घरी फोनवर करून आणा असा गृहपाठ देऊ नका. सगळ्यांकडे फोन नसतो, ज्यांच्याकडे नसतो ती मुलं सांगत नाहीत.

इंटरनेट दगा देणार हे धरूनच चाला. आदल्या दिवशी लागतील ते स्क्रीनशॉट काढून ठेवा, दोन-चार प्रिंट ठेवा. नेट गेलं तरी प्रश्न फळ्यावर असतोच, त्याच चित्रांवर तास पुढे नेता येतो.

मुख्याध्यापकांच्या "प्रत्येक धडा"चं काय करायचं? सरळ नाही म्हणण्यापेक्षा एक यादी घेऊन जा. काळानुसार झालेला बदल दाखवायचा असेल, खरी अंतरं मोजायची असतील, मुलांनी गोळा केलेली माहिती मांडायची असेल, किंवा समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायच्या असतील (गूगल अर्थच्या डेस्कटॉप आवृत्तीत डोंगरावर रेघ मारली की तिच्याखालचा चढउतार आलेखात दिसतो, समोच्चरेषेच्या शेजारी ठेवला की मुलांची ट्यूब पेटते), तिथे डिजिटल. देश-राजधान्या, अक्षांश-रेखांशाची पहिली ओळख, कोरा नकाशा भरणं, हे कागदावर आणि गोलावर. वर्षात चार-पाच धडे असे नीट झाले तरी पुष्कळ झालं, आणि त्या प्रत्येकातून मुलांनी केलेलं काहीतरी हातात दाखवता येईल, ते बघून मुख्याध्यापकांचा आग्रह बहुधा आपोआप सैल होईल.

कोर्सचं म्हणाल तर आत्ता नको. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, ताकदवान आहे, पण तुमच्या सातवीला लागणारं त्यातलं जवळपास सगळं माय मॅप्समध्ये भागतं. पुढे कधीतरी मुलं विचारतील की दोन थरांमधलं अंतर मोजून आपोआप रंग देता येईल का, किंवा हजारभर नोंदींची फाइल घेऊन येतील, तेव्हा माय मॅप्स अपुरं पडेल आणि कोर्समध्ये नेमकं काय शिकायचंय तेही तुम्हाला माहीत असेल. तोवर फॉर्म भरू नका.